तिचं दुखणं, तिच्या आवाजात

मैत्रिणींनो, आज जरा वेगळ्याच गाण्याबद्दल बोलणार आहे. रॉक संगीत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? लांब केसांची मुलं, गिटारचा दणदणाट आणि आपलं नेहमीचं वाक्य, "अरे, तो आवाज कमी कर आधी!" आमच्याकडे हे खातं मुलाचं. पण त्याच्या संग्रहातल्या एका अल्बममागची हकिगत कळली आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. कारण ती हकिगत घरातल्या एका दुखण्याची आहे.

'पिंक फ्लॉइड' हा इंग्लंडचा जगप्रसिद्ध बँड. त्यात की-बोर्ड वाजवायचा रिचर्ड राइट. ऑर्केस्ट्रात गायक पुढे उभा असतो आणि कॅसिओवाला मागे, कोपऱ्यात. आपलं लक्षही जात नाही त्याच्याकडे. राइटचं थोडंफार तसंच होतं. मुळात अबोल माणूस. १९७९ मध्ये तर त्याला स्वतःच्याच बँडमधून बाहेर पडायला लावलं गेलं. पुढच्या कार्यक्रमांत तो वाजवत होता, पण पगारी वादक म्हणून! ज्या घराचा पाया आपण घातला, तिथंच पाहुण्यासारखं राहायचं. हे दुःख बायकांना वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे १९८७ मध्ये तो परत आला, मान मिळाला, सगळं सुरळीत झालं. आणि मग घरात वेगळंच संकट उभं राहिलं. त्याच्या पत्नीला नैराश्यानं ग्रासलं. इंग्रजीत ज्याला डिप्रेशन म्हणतात तेच हे. समोरचं माणूस दिवसेंदिवस आत आत बुडत चाललंय आणि आपल्याला काहीच करता येत नाही, हे राइटनं जवळून पाहिलं. त्यातून १९९६ साली त्याचा 'ब्रोकन चायना' हा अल्बम आला. चायना म्हणजे चिनी मातीची नाजूक भांडी. ती तडकली की जोडताना किती जपावं लागतं, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक!

या अल्बममध्ये १६ रचना आहेत. काहींत नुसतं संगीत आहे, काहींत गाणी. शब्द बहुतांशी अँथनी मूर यांचे. त्यांची नुसती नावं वाचली तरी आजाराचा सगळा प्रवास समजतो. आधी बालपण, मग मनात दडलेली भीती, पळून जावंसं वाटणं. मग एक काळा ढग, मग बुडणं. त्यानंतर कठड्यासाठी धडपडणारा हात, हळूहळू किनारा, आणि शेवटचं गाणं 'ब्रेकथ्रू', म्हणजे कोंडी फुटणं.

यातली बहुतेक गाणी राइट स्वतः गायला. पण दोन ठिकाणी त्यानं पाहुणी गायिका बोलावली: कठड्याकडे हात जातो तिथं आणि शेवटी कोंडी फुटते तिथं. मला सगळ्यात भावलं ते हेच. नवऱ्यानं बायकोबद्दल बोलणं वेगळं आणि तिचं म्हणणं बाईच्या तोंडून ऐकू येणं वेगळं. आपल्याकडे काय होतं? दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" आणि बाईनं तोंड उघडायच्या आत उत्तर देतो नवरा, नाहीतर सासूबाई. "काही नाही हो, उगाच विचार करत बसते." इथं मात्र बाईची व्यथा सांगताना हा नवरा बाजूला झाला. त्यानं सूर दिले आणि आवाज तिचा ठेवला.

ती पाहुणी गायिका होती आयर्लंडची शिनेड ओकॉनर. डोक्याचा गोटा केलेली आणि टपोऱ्या डोळ्यांची! तिनं बायकी दिसावं, केस वाढवावेत असं कंपनीतल्या पुरुषांनी सुचवलं, तर ही सरळ डोकं भादरून आली. लहानपणी आईकडून झालेल्या छळाबद्दल ती उघड बोलली. १९९२ मध्ये चर्चमधल्या बालशोषणाच्या निषेधार्थ तिनं अमेरिकेत टीव्हीवर पोपचा फोटो फाडला. लोकांनी तिला वेडी ठरवलं. पुढे २००९ मध्ये खुद्द आयर्लंडमधल्या चौकशी अहवालानं चर्चच्या संस्थांमधल्या मुलांच्या छळाचं भयंकर चित्र जगापुढे ठेवलं. स्वतःच्या मानसिक आजाराबद्दलही ती कधी लपवून बोलली नाही. अशा बाईच्या गळ्यातून ते गाणं आलं, म्हणून ते पाठ केलेलं वाटत नाही.

'ब्रोकन चायना' काही पिंक फ्लॉइडच्या अल्बमांसारखा गाजला नाही. राइट २००८ मध्ये गेला, शिनेड २०२३ मध्ये. गाणं मात्र मागे राहिलं.

आता आपल्याकडे वळू. बचत गटाच्या बैठकींना जाते तेव्हा बायका सांगतात: "डोकं जड होतं", "झोपच लागत नाही", "कशातच जीव रमत नाही". नैराश्य हा शब्द कोणी उच्चारत नाही. घरचे म्हणतात, नाटकं आहेत, काम नको म्हणून! जागतिक आरोग्य संघटना सांगते की पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये नैराश्याचं प्रमाण सुमारे दीडपट आहे. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांमध्ये तर दहातल्या एकीपेक्षा जास्त जणींना हा त्रास होतो. म्हणजे ही गल्लीतल्या एखाद्या 'विचित्र' बाईची गोष्ट नाही.

सलग दोन आठवडे मन उदास राहत असेल, आवडीच्या गोष्टीतही रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर तो आजार असू शकतो. त्यावर औषध आहे, समुपदेशन आहे. सरकारनं २०२२ मध्ये 'टेली मानस' सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट आणि मराठीतून बोलता येतं. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी करत असेल तर एक मिनिट थांबू नका, तिला एकटं सोडू नका आणि लगेच मदत मिळवा.

आणि घरच्यांनो, तुम्हाला गाणं रचता आलं नाही तरी चालेल. तिच्या शेजारी बसा, टीव्ही बंद करा आणि विचारा, "काय होतंय गं?" मग मात्र उत्तर तिलाच देऊ द्या.