बीजगणित पहिलीपासूनच सुरू होते



आपल्यापैकी अनेक जण दहावीच्या जादा वर्गांसाठी आवर्जून मदत पाठवता. त्याबद्दल मनापासून आभार. पण वसतिगृहाच्या अभ्यासिकेत गणित शिकवताना मला अडचणीचे मूळ दहावीत नव्हे, दुसरी-तिसरीत दिसते.

पाचवी-सहावीच्या मुलांना मी फळ्यावर ८ + ४ = □ + ५ लिहून देते. बहुतेक जण चौकटीत १२ लिहितात. काही जण सगळ्यांची बेरीज करून १७ लिहितात. उत्तर आहे ७. मुलांना बेरीज येते, अडते ते ‘=’ या चिन्हापाशी. पहिलीपासून ‘३ + २ =’ पाहिले की पुढे उत्तर मांडायचे, एवढीच सवय झालेली असते. खरे तर ते चिन्ह सांगते, की दोन्ही बाजू सारख्या आहेत. १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्सच्या गणितज्ञाने ते प्रथम छापले. दोन समांतर रेषांहून अधिक सारखे काहीच नसते, म्हणून त्याने त्या निवडल्या. हा अर्थ कळला नाही, तर २क + ३ = ११ हे समीकरण मुले नुसती रीत पाठ करून सोडवतात. रीत विसरली की गणित सुटते, आणि कधी कधी त्यापाठोपाठ शाळाही.

आमच्या मुलांनी आठवडी बाजारात मोहाची फुले तोलताना तराजू पाहिलेला असतो. म्हणून मी एका पारड्यात ८ आणि ४ गोट्या ठेवते, दुसऱ्यात ५. आणखी किती टाकल्या की पारडी समान होतील? दुसरीतले मूलही सांगते.

दुसरा खेळ काड्यांचा. एका चौकोनाला ४ काड्या, शेजारी जोडून दुसरा केला की एकूण ७, तिसऱ्याला १०. मग दहा चौकोनांना किती? आधी सगळे मांडून मोजतात. मग कोणीतरी म्हणते, “पहिली एक काडी, मग प्रत्येकाला तीन.” माझ्या मते बीजगणित ते हेच. ३क + १ हे त्या वाक्याचे आखूड रूप. (अक्षरच हवे असेही नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अज्ञात संख्यांना कालक, नीलक अशी रंगांची नावे दिली होती.) मात्र ते वाक्य मुलांना आधी घरच्या बोलीत म्हणू द्यावे लागते.

बालभारतीच्या पाचवीच्या पुस्तकात ‘बीजगणिताची पूर्वतयारी’ हे प्रकरण आहे, पण अगदी शेवटी. वर्षअखेरीस ते घाईत उरकले जाते.

तेव्हा यंदा आपल्या मदतीतला काही भाग लहान मुलांच्या वर्गाला द्यावा, ही विनंती. काड्या आणि गोट्या आहेत. एक तराजू आणि शिकवायला आणखी एक ताई हवी आहे. आपण भेटीला याल तेव्हा पाढे जरूर म्हणून घ्या. पण एवढेही विचारा: “तेराचा पाढा विसरलास, तर तेरा सत्ते कसे काढशील?” दहा सत्ते आणि तीन सत्ते, हे त्याला सुचेपर्यंत थोडे थांबा.