उतारूचा हक्क आणि आगबोट कंपनीचे दायित्व : 'रामदास' अपघाताच्या संदर्भात

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढ अमावस्येनिमित्त गावी जाणारे चाकरमाने, व्यापारी आणि स्त्रियामुले मिळून सातशेच्या आसपास माणसे तीत होती. नऊ वाजण्यापूर्वीच, काशाच्या खडकाजवळ, ती वादळी समुद्रात कलंडली आणि अल्पावधीत तळाला गेली. सहाशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. जी वाचली त्यांपैकी कित्येकांना रेवस बाजूच्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांत घेतले. आगबोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. त्यामुळे ती बुडाल्याची वार्ता मुंबई शहरात पोहोचावयास दुपार उलटावी लागली, आणि तीही पोहून आलेल्या माणसांच्या तोंडून.

तत्कालीन कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासून ज्यास रायगड म्हणतात त्या जिल्ह्याच्या, किनाऱ्यावर या घटनेची स्मृती अद्याप जिवंत आहे. परंतु ती शोककथा म्हणून जितकी सांगितली गेली, तितकी हक्काच्या प्रश्नाच्या दृष्टीने तपासली गेली नाही. जी सेवा पैसे देऊन विकत घ्यावयाची, तिच्यातील धोका घेणाऱ्यास कळण्यासारखा नसेल, तर तो कळून घेण्याचे व टाळण्याचे दायित्व कोणावर असावे, हा तो प्रश्न होय.

१. उतारूस काय कळते?

बाजारात तांदूळ घेणारा ग्राहक दाणा हातावर घेऊन पाहू शकतो. आगबोटीचे तिकीट घेणाऱ्यास भाडे, सुटण्याची वेळ आणि डेकवर मिळणारी जागा एवढेच कळते. आगबोटीचा तोल किती स्थिर आहे, बंदराबाहेर वाऱ्याचा जोर किती आहे, जीवरक्षक साधने पुरेशी आहेत की नाहीत, हे त्यास कळत नाही. कळले तरी त्याचा अर्थ लावण्याइतके शास्त्र त्याच्यापाशी नसते.

या शास्त्राचे मूलतत्त्व सोपे आहे. आगबोटीचे वजन तिच्या गुरुत्वमध्यातून खाली ओढते. बुडालेल्या भागाच्या मध्यातून पाणी तिला वर उचलते. आगबोट एका अंगावर झुकली की बुडालेल्या भागाचा आकार पालटतो आणि त्याचा मध्य झुकलेल्या बाजूकडे सरकतो. ओढ व उचल यांच्या रेषा अशा रीतीने एकमेकींपासून दूर झाल्या म्हणजे आगबोटीस पूर्वस्थितीत आणणारा जोर उत्पन्न होतो. गुरुत्वमध्य जितका खाली, तितका हा जोर अधिक. वरच्या डेकवर माणसे व सामान वाढले की गुरुत्वमध्य वर चढतो आणि हा जोर घटतो. घाबरलेले उतारू एकदम एका बाजूस धावले तर वजनच झुकलेल्या अंगाकडे सरकते आणि उरलासुरला जोरही नाहीसा होतो. पावसापासून संरक्षण व्हावे म्हणून बाजूंना सोडलेल्या ताडपत्र्या वाऱ्यास शिडाप्रमाणे अडवतात, ही आणखी भर होय.

'रामदास'च्या बाबतीत मोठी लाट आदळली आणि भयभीत उतारू विरुद्ध बाजूस लोटले गेले, असे प्रसंगातून वाचलेल्यांच्या कथनांत येते. लोक घाबरले म्हणून आगबोट बुडाली असा निष्कर्ष यावरून काढणे शास्त्राला धरून होणार नाही. घाबरलेला जमाव एका बाजूस धावणार हे नौकाबांधणीच्या शास्त्राला पूर्वीपासून ठाऊक असलेले सत्य आहे. जी गोष्ट आधी ठाऊक आहे, तिची तरतूदही आधीच करावयास हवी. २४ जुलै १९१५ रोजी शिकागो येथे 'ईस्टलँड' ही सहलीची आगबोट धक्क्याला बांधलेली असतानाच उलटली व ८४४ माणसे मेली. 'टायटॅनिक'नंतर अधिक जीवरक्षक होड्या ठेवण्याची जी सक्ती झाली, तिच्यामुळे मुळातच अस्थिर असलेल्या त्या आगबोटीचा वरचा भार आणखी वाढला होता. सुरक्षिततेचा एक नियमदेखील समग्र विचारावाचून लागू केल्यास कसा उलटतो, याचे हे उदाहरण आहे. म्हणूनच परवान्यावर लिहिलेला उतारूंचा आकडा पाळला एवढ्याने कंपनीचे कर्तव्य संपत नाही. तो आकडा कोणत्या ऋतूत व कोणत्या समुद्रात खरा, हेही पाहावे लागते.

२. स्पर्धा, स्वदेशी आणि भाडे

'रामदास'ची मालकी इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनीकडे होती. कोकण किनाऱ्यावर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे वर्चस्व असताना, स्वदेशीच्या प्रेरणेने निघालेल्या या कंपनीविषयी लोकांस आपुलकी वाटे. 'माझी आगबोट कंपनी' हे तिचे लोकांतील नाव तीच आपुलकी दाखविते. आगबोटींना संतांची नावे देण्यामागेही हीच भावना होती.

अशा स्पर्धेत ग्राहकाचा लाभ होतो हे सर्वसाधारणपणे खरे आहे. परंतु हा लाभ कोणत्या बाबतीत होतो, हे पाहणे अगत्याचे आहे. उतारूस भाडे दिसते. म्हणून स्पर्धा भाड्यात होते. १९०६ मध्ये चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरिन येथे स्वदेशी आगबोट कंपनी काढली, तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडी कोसळविली, ही घटना सर्वश्रुत आहे. सुरक्षितता मात्र दिसत नाही. म्हणून तीत स्पर्धा होत नाही. उलट, भाडे उतरले की खर्च कोठे तरी कमी करावाच लागतो, आणि जो खर्च ग्राहकास दिसत नाही तोच कमी करण्याचा मोह प्रबळ असतो. कंपनी परकी असो वा स्वदेशी, नफ्याची असो वा सहकारी, या गणितात फरक पडत नाही. १९२७ च्या नोव्हेंबरातील वादळात याच किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' या आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. वीस वर्षांनंतरही एका आगबोटीवरून धक्क्याशी संदेश धाडण्याची सोय असू नये, हे त्या गणिताचे फळ म्हणावे लागते. आपुलकी हा लोकांच्या मनाचा गुण आहे. तिला आगबोटीच्या तपासणीची जागा देता येत नाही.

३. त्या काळचा कायदा

कायद्याच्या दृष्टीने १९४७ मधील उतारूची स्थिती विलक्षण होती. इंग्रजी सामान्य कायद्यानुसार सार्वजनिक वाहक हा मालाचा जणू विमेदार असतो. माल गहाळ झाला तर, काही ठराविक अपवाद वगळता, वाहक जबाबदार. इरावती नदीवरील आगबोट कंपनीच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १८९१ मध्ये हे तत्त्व हिंदुस्थानात लागू असल्याचे मान्य केले होते. १८६५ च्या वाहक कायद्याच्या नवव्या कलमानुसार वाहकाची हयगय सिद्ध करण्याचा भारही मालधन्यावर नव्हता. तो कायदा भूमार्ग व अंतर्गत जलमार्ग यांपुरता होता, हे खरे. तथापि त्यातील दृष्टी ध्यानात घेण्याजोगी आहे. कारण माणसाच्या बाबतीत वाहक विमेदार मानला जात नसे. त्याने योग्य ती काळजी घ्यावी, एवढीच अपेक्षा होती. मृताच्या कुटुंबीयांना १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दावा लावता येई. पण त्यासाठी कंपनीचे गैरकृत्य वा हयगय सिद्ध करावी लागे, आणि १९०८ च्या मुदतीच्या कायद्याने त्यास एकच वर्षाची मुदत होती. पुराव्याची आगबोट तळाशी, ती चालविणारे कंपनीचे नोकर, आणि दावा लावणारी एखाद्या खेड्यातील विधवा, अशी ही स्थिती.

याउलट रेल्वेच्या उतारूस १९४३ मध्येच निराळा हक्क मिळाला होता. १८९० च्या रेल्वे कायद्यात त्या वर्षी कलम ८२-अ घालण्यात आले. गाड्यांची टक्कर झाली किंवा गाडी रुळावरून घसरली, तर हयगय सिद्ध न करताही दहा हजार रुपयांच्या मर्यादेपर्यंत भरपाई देण्याची जबाबदारी रेल्वेवर आली. अलिबाग, रेवस, मुरूड या किनारपट्टीस रेल्वे नव्हती. आगबोट हाच तिचा हमरस्ता होता. म्हणजे एकाच वर्षी, एकाच शहरातून गावी निघालेल्या दोन माणसांपैकी बोरीबंदरावर तिकीट घेणाऱ्यास जे संरक्षण होते, ते भाऊच्या धक्क्यावर तिकीट घेणाऱ्यास नव्हते. धोका मात्र धक्क्यावरच्याचा अधिक होता.

४. ग्राहक म्हणून उतारू

१५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी आपल्या काँग्रेसला धाडलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क सांगितले : सुरक्षितता, माहिती, निवड आणि म्हणणे ऐकले जाणे. यांतील क्रम अर्थपूर्ण आहे. सुरक्षितता व माहिती नसतील तर निवड ही केवळ भाड्याची निवड उरते.

भारतात १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'सेवा' या संज्ञेत वाहतुकीचा स्पष्ट उल्लेख केला आणि उतारू हा कायद्याच्या दृष्टीने ग्राहक झाला. २००२ च्या दुरुस्तीने ग्राहकाचा मृत्यू झाल्यास त्याच्या कायदेशीर वारसास तक्रार करता येऊ लागली. 'रामदास'सारख्या प्रसंगाच्या दृष्टीने ही दुरुस्ती अत्यंत मोलाची होय. तिकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेल्या, कंपनी जबाबदार नाही अशा आशयाच्या अटींचाही विचार येथे कर्तव्य ठरतो. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या लिली व्हाइट खटल्यात, कपडा हरवल्यास किमतीच्या पंधरा टक्केच रक्कम मिळेल, अशी धुलाईच्या पावतीवरची अट मद्रास उच्च न्यायालयाने सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरविली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो २० जुलै २०२० पासून अंमलात आला, अन्याय्य करार ही स्वतंत्र संकल्पनाच प्रस्थापित केली आणि स्वतः चौकशी करू शकणारे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण निर्माण केले.

तरीही एक उणीव राहते. ग्राहक मंचापुढे सेवेतील त्रुटी सिद्ध करण्याचा भार प्रथमतः तक्रारदारावरच असतो. रेल्वेच्या उतारूस १९४३ मध्ये मिळालेले, आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याने अधिक व्यापक केलेले, हयगय सिद्ध न करता मिळणारे संरक्षण ग्राहक कायद्यात नाही.

५. अलीकडील प्रसंग

या किनाऱ्यावरील जलवाहतुकीचे तंत्र आता पुष्कळ पालटले आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारगाड्याही वाहून नेणारी रो-रो सेवा सुरू झाली आणि नव्या तंत्राची वार्ता म्हणून तिचे कौतुक झाले. तिच्या आदल्याच दिवशी, १४ मार्च २०२० रोजी, गेटवेहून येणारी एक प्रवासी लाँच मांडव्याजवळ बुडाली. तीतील ८८ उतारू पोलिसांच्या गस्ती नौकेमुळे वाचले.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे जाणाऱ्या 'नीलकमल' या बोटीवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली. दोन्ही नौकांवरील मिळून पंधरा माणसे मरण पावली. बोटीच्या परवान्यातील उतारूंची मर्यादा ८४ असता तीवर शंभरांहून अधिक माणसे होती, असे निष्पन्न झाले. येथे दोन प्रश्न वेगळे ठेवणे आवश्यक आहे. टक्कर कोणामुळे झाली, हा अपकृत्याचा प्रश्न असून त्याचा तिकिटाशी संबंध नाही. मर्यादेबाहेर माणसे घेणे व जीवरक्षक जाकिटे सर्वांना न घालणे, हा मात्र सेवेतील त्रुटीचा प्रश्न आहे, आणि टक्कर दुसऱ्याने दिली म्हणून तो मिटत नाही. आपल्या चुकीने अपघात घडला नाही, एवढे सांगून वाहकास सुटता येत नाही. अपघात घडल्यावर माणसे वाचावीत अशी सिद्धता होती का, हेही त्यास सांगावे लागते.

६. समारोप

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. जेथे धोक्याचे ज्ञान केवळ वाहकापाशी आहे, तेथे काळजी घेतली हे सिद्ध करण्याचा भारही वाहकावरच असणे न्याय्य होय. बोटीची ऋतुनिहाय उतारू-मर्यादा, शेवटच्या तपासणीची तारीख व जीवरक्षक साधनांची संख्या ही माहिती तिकीटखिडकीवर मराठीत, ठळक अक्षरांत असावयास हवी. कारण कचेरीतील कपाटात राहणारी माहिती उतारूच्या हक्कात जमा होत नाही. आणि कंपनीविषयीची आपुलकी किंवा नव्या तंत्राचे कौतुक यांपैकी काहीही तपासणीचा पर्याय ठरत नाही.

यांपैकी दुसऱ्या गोष्टीस नवा कायदाही लागत नाही. एक फळा आणि रोज सकाळी तो भरणारा माणूस पुरतो. 'रामदास'च्या उतारूंनी भाडे मोजले होते, आणि त्या भाड्यात पैलतीरास सुखरूप पोहोचणे गृहीत होते. तेवढे गृहीत धरण्याचा अधिकार रेवसच्या तिकिटास आहे, हे मान्य करणे म्हणजेच उतारूस ग्राहक मानणे होय.