‘लेटर तूच लिहून आण, मी सही करतो’

आजच्या भागाचा हा मजकूर, बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ जरा कमी करून. आज विषय आहे पुढे शिकायला जाणाऱ्या पोरांसाठी कॉलेजमधले सर-मॅडम काय करू शकतात.

वरचं वाक्य पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्या बऱ्याच जणांनी सातव्या सेमिस्टरला ऐकलं असेल. सर वाईट नसतात. वर्गात साठ-सत्तर पोरं, वर सबमिशन्स आणि नॅकच्या फायली. पण यात नुकसान पोराचंच होतं.

अमेरिकेतली विद्यापीठं साधारणपणे तीन शिफारसपत्रं मागतात. मार्क तर मार्कशीटवर असतातच. पत्रातून त्यांना हवं असतं ते वेगळंच: पोरगा अडला तेव्हा त्याने काय केलं, स्वतःहून काय शोधलं. हे कुणीतरी जवळून बघितलेलं असावं लागतं. पोराने स्वतःच तिन्ही पत्रं लिहिली, तर ती एकाच आवाजात बोलतात, आणि रोज पत्रं वाचणाऱ्याला ते कळतं.

म्हणून तयारी दुसऱ्या वर्षापासून हवी. एखाद्या पोराला एक पेपर वाचायला द्या, त्यातला एक ग्राफ पुन्हा काढून आणायला सांगा. महिन्यातून अर्धा तास बोला, वहीत दोन ओळी टिपून ठेवा. दोन वर्षांनी पत्राला लागणारा मजकूर त्या वहीतच सापडतो.

तिसऱ्या वर्षी दारं दाखवा. विज्ञान अकादमींची समर फेलोशिप आहे. आपल्या विद्यापीठाच्या आवारातच आयुका आणि एनसीआरए आहेत, तिथे उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना संशोधनाचं काम मिळू शकतं. शेजारून रोज जाणाऱ्या कितीतरी पोरांना हे माहीतच नसतं!

आणि पैशांचं स्पष्ट बोला. अमेरिकेत एमएसचा खर्च बहुतेकदा घरचा किंवा कर्जाचा. पीएचडीला मात्र विज्ञान-इंजिनिअरिंगमध्ये सहसा फी माफ होते आणि स्टायपेंड मिळतो. बीटेकनंतर थेट अर्जही करता येतो. ज्या घरात तारण ठेवायला काही नाही, तिथल्या मुलीला हे वेळेवर कळलं तर तिचा पुढचा रस्ता बदलू शकतो.

एका प्राध्यापकाच्या शब्दाने काय होतं, याचं उदाहरण म्हणजे गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर. मुंबईत शिकत असताना प्रा. पेसी मसानी यांनी त्यांना हार्वर्डला जायला सुचवलं. मसानी स्वतः तिथेच शिकलेले, त्यामुळे सल्ला ऐकीव नव्हता. अभ्यंकरांनी तिथे पीएचडी केली, आणि पुढे 1976 मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं केलं.

पोरांनो, तुमच्याही बाजूने एक काम. डिसेंबरच्या डेडलाइनचं पत्र नोव्हेंबरात मागू नका. ऑगस्टमध्येच सरांना भेटा आणि सीव्ही, केलेलं काम, विद्यापीठांची यादी आणि तारखा एका पानावर लिहून द्या. पत्र मात्र त्यांनाच लिहू द्या.

भेटू पुढच्या भागात!