समजत नाही की सोसवत नाही?

मार्लन जेम्स यांची ‘ब्लॅक लेपर्ड, रेड वुल्फ’ ही इंग्रजी कादंबरी २०१९ साली प्रसिद्ध झाली. जेम्स मूळचे जमैकाचे. आधीच्या कादंबरीसाठी त्यांना २०१५ चा बुकर पुरस्कार मिळाला होता, आणि हीसुद्धा अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत पोहोचली. तरीही वाचकांची मते दोन टोकांची आहेत. कोणी भारावून जातो, तर कोणी शंभर पानांत पुस्तक मिटतो. आमच्या मते मिटणाऱ्यांच्या तक्रारी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या पाहायला हव्यात.

पहिली तक्रार, ‘समजत नाही’. आफ्रिकेतील दंतकथांवर उभारलेल्या काल्पनिक जगात एका हरवलेल्या मुलाचा शोध चालतो. वासावरून माग काढणारा ट्रॅकर ही हकीकत कैदेतून, चौकशी करणाऱ्याला सांगतो. साहजिकच त्यात खरे किती, ही शंका राहते. मुलगा मेला आहे हे तर सुरुवातीलाच कळते! वेताळपंचविशीमुळे गोष्टीतली गोष्ट आपल्याला नवी नाही. पण तिथे प्रत्येक गोष्टीचा शेवट नीट हाती लागतो, इथे लागत नाही. हा गोंधळ मुद्दाम ठेवलेला आहे. २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात त्याच घटना सोगोलोन ही चेटकीण आपल्या बाजूने सांगते. तेव्हा पात्रांची यादी जवळ ठेवून थोडा धीर धरला, तर ही अडचण बरीच कमी होते.

दुसरी तक्रार, ‘सोसवत नाही’. हत्या, छळ, बलात्कार, लहान मुलांवरील अत्याचार हे सारे यात उघडपणे येते. हिंसा महाभारतातही आहे. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा झोपलेल्यांना मारतो. पण त्यानंतर स्त्रीपर्व येते, रडायला जागा मिळते. या कादंबरीत दुःख उशिरा येते आणि तेही रागाआड लपून. ट्रॅकरची खरी माया आहे ती अपशकुनी ठरवून टाकून दिलेल्या मुलांवर. ते लक्षात आले की त्याच्या क्रौर्यामागची जखम दिसते. पण तिथवर पोहोचण्याआधीच अनेकांचा धीर सुटतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

म्हणून आम्हाला असे सुचवावेसे वाटते : समजत नसेल तर आणखी पन्नास पाने वाचून पाहावीत. सोसवत नसेल तर निःसंकोच मिटावे. पुरस्कारांच्या दडपणाखाली वाचन करू नये. आणि ‘फँटसी’ म्हणजे मुलांचे पुस्तक, या समजुतीने ही कादंबरी शाळकरी नातवंडांना मात्र भेट देऊ नये. मोठ्या मुलांनी ती वाचायला घेतलीच, तर आपणही सोबत वाचावी, म्हणजे त्यांना काही खुपले तर बोलायला घरात कोणीतरी असेल.