बॉनेटचा खटका आणि कंपनीचे बोलावणे

बियाण्याच्या पिशवीला शिवलेले लेबल जपून ठेवा, असे आम्ही विस्तार खात्यातील माणसे वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. कारण त्यावर लॉट नंबर असतो. पेरलेले उगवले नाही, तर नुसते वाणाचे नाव सांगून तक्रार पुढे सरकत नाही. एका लॉटमध्ये खोट निघाली म्हणून सगळे वाण वाईट ठरत नाही. पण त्या लॉटची प्रत्येक पिशवी मात्र शोधावी लागते.

मोटारगाडीचेही तसेच आहे. कारखान्यातून हजारो गाड्या बाहेर पडतात. त्यांतल्या ठराविक काळात तयार झालेल्या गाड्यांना एखादा भाग सदोष बसला, हे पुष्कळदा मागाहून ध्यानात येते. मग कंपनी मालकांना कळवते, की गाडी आमच्या सर्व्हिस सेंटरवर आणा, तो भाग फुकट दुरुस्त करून किंवा बदलून देतो. याला 'रिकॉल' म्हणतात. आपण त्याला कंपनीचे बोलावणे म्हणू. "कंपनीने गाडी परत मागितली" असे ऐकले की गाडी हातची जाणार, अशी धास्ती काहींना वाटते. ती निराधार आहे. काम झाले की गाडी घेऊन घरी यायचे.

आज भाजीपाला, दूध, कांदा बाजारात नेणारी पिकअप पुष्कळ घरांच्या दारात उभी आहे. म्हणून या बोलावण्याची माहिती शेतकरी कुटुंबाला हवी. बॉनेटच्या खटक्यासारख्या लहानशा भागाचे उदाहरण घेऊन ती पाहू.

खटके दोन का असतात?

पुढे नाक असलेल्या गाडीचे बॉनेट दोन टप्प्यांत उघडते. आतला दांडा ओढला की केबल ताणली जाते आणि पहिला खटका सुटतो. बॉनेट बोटभर वर येते, पण उघडत नाही. फटीत हात घालून दुसरा खटका सरकवावा लागतो. हा दुसरा खटका एरवी काहीच काम करीत नाही. पहिला खटका धावत्या गाडीत दगा देतो, त्या क्षणासाठी तो असतो.

वळवाच्या वादळात गोठ्यावरचा पत्रा उडतो, तो खालून शिरलेला वारा उचलतो म्हणून. बॉनेटचेही तेच होते. गाडीचा वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. बॉनेट उलटून काचेवर आदळले, की चालकाला रस्ता दिसेनासा होतो. गाडीत घरची माणसे असतात आणि समोरून दुसऱ्या कोणाची तरी माणसे येत असतात.

परदेशातील अनुभव

अमेरिकेत १९६६ साली वाहन-सुरक्षेचा कायदा झाला. काच झाकू शकेल अशा पुढून उघडणाऱ्या बॉनेटला दुसरा खटका हवाच, असा नियम तेथे मोटारी, ट्रक व बस यांना १९६९ पासून लागू आहे. तेथील लांब पल्ल्याच्या बहुतेक ट्रकांचे नाक अख्खे पुढच्या बाजूस कलते आणि ते दोन्ही अंगांच्या चापांनी धरलेले असते. या चापांत दोष निघाल्याने ट्रक बोलावण्याची पाळीही कंपन्यांवर आली आहे.

निसान कंपनीच्या अल्टिमा मोटारीचे उदाहरण तर आपल्या ओळखीचे वाटेल. तिच्या दुसऱ्या खटक्याचा रंग निघून लोखंड उघडे पडे, गंज चढे आणि खटका उघडा तो उघडाच अडकून राही. २०१४ ते २०१६ या काळात बोलावणी काढूनही प्रश्न मिटला नाही. शेवटी २०२० मध्ये कंपनीने २०१३ ते २०१८ या मॉडेलांच्या १८ लाखांहून अधिक गाड्या पुन्हा बोलावल्या. पावसाळाभर अडगळीत पडलेल्या कोयत्याचे जे होते, तेच येथे झाले.

आपल्याकडील कायदा

आपल्या देशात वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने २०१२ साली स्वेच्छेने रिकॉलची पद्धत सुरू केली. २०१५ मध्ये मारुती कंपनीने अल्टोच्या ३३ हजारांवर गाड्या उजव्या दाराच्या खटक्यासाठी बोलावल्या होत्या. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११० अ आले आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. आता दोष गंभीर असेल, तर केंद्र सरकार कंपनीला सात वर्षांच्या आतील गाड्या बोलावण्यास भाग पाडू शकते. दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत आहे. मात्र कंपनीने स्वतः होऊन दोष कळवला व गाड्या बोलावल्या, तर तिला दंड होत नाही. म्हणून बोलावणे काढणारी कंपनी वाईट, असे समजू नका. दोष दडवणारी कंपनी अधिक धोक्याची.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी सावध असावे

खरी मेख पुढेच आहे. बोलावण्याचे पत्र किंवा फोन कोणाला जातो? कागदावर ज्याचे नाव आहे त्याला. आपल्यापैकी पुष्कळजण पिकअप दुसऱ्या हाताची, कधी तिसऱ्या हाताची घेतात. पैसे दिले, किल्ली घेतली, आर. सी. बुकावर नाव मात्र जुन्याच मालकाचे. मग पत्र त्याच्या घरी पडते आणि सदोष खटक्याची गाडी आपण चालवीत राहतो. ज्याला कळवायला हवे, त्यालाच काही कळत नाही.

यास्तव गाडी घेताच फॉर्म २९ व ३० भरून आर. टी. ओ. कडे नाव बदलून घ्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावे, असे कायदा सांगतो. (गाडी परराज्यातील असेल तर विकणाऱ्याला ४५ दिवस असतात.) आपला चालू मोबाईल नंबरही नोंदवा. बोलावण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आर. सी. वर १७ अक्षरे व अंक मिळून चासी नंबर असतो. तो कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर दाखवला, की आपल्या गाडीसाठी बोलावणे निघाले आहे का, ते कळते. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवरही हे पाहता येते. घरातील शिकणारी मुले मोबाईलवर पाहून देतील. नंबर उतरवताना ध्यानात ठेवा, त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे नसतात. तसे दिसले तर ते एक किंवा शून्य समजावे.

बोलावण्याच्या कामाचे पैसे कोणी मागितले, तर देऊ नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. गाडीतील दोषाची नोंद मालकाला केंद्र सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरही करता येते.

महिन्यातून एकदा एवढे करा

१. गाडी बंद करून बॉनेट उघडा. दोन्ही खटक्यांवरील माती, पाचट व खताची धूळ पुसून काढा. खताची धूळ ओल धरते आणि लोखंड खाते.

२. दुसरा खटका बोटाने दाबून सोडा. तो झटकन जागेवर आला पाहिजे. रेंगाळला, तर साफ करून वंगण द्या. तरीही अडकला, तर मेकॅनिकला दाखवा.

३. रंग उडालेला, गंज चढलेला, स्प्रिंग ढिली किंवा केबल उसवलेली दिसली, तर भाग बदलून घ्या. तार वा सुतळी बांधून गाडी रस्त्यावर काढू नका.

४. बॉनेट लावल्यावर कड धरून वर ओढून पाहा. पुढून ठोकर लागून पत्र्याचे काम झालेल्या गाडीत हे विशेष पाहावे, कारण खटका व त्याची कडी समोरासमोर येत नाहीत.

५. चपट्या तोंडाच्या ट्रकची केबिन पुढे कलते. तिचे लॉक पक्के बसल्याखेरीज गाडी हलवू नये.

चालत्या गाडीचे बॉनेट उघडलेच, तर घाबरून करकचून ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, चारही इंडिकेटर लावा, बॉनेटखालच्या फटीतून किंवा बाजूच्या खिडकीतून पाहत गाडी हळूहळू डाव्या कडेला घेऊन थांबवा.

बियाण्याचे लेबल आपण पीक निघेपर्यंत जपतो. गाडीचा चासी नंबरही तसाच एका कागदावर लिहून घरातल्या कपाटावर चिकटवा, आणि या आठवड्यातच सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. जुनी गाडी घेतली असेल, तर हयगय करू नका.