अपयशाचे श्रेय कोणाला? संकट आणि वाढ यांविषयीचे गैरसमज

अपयश ही यशाची पहिली पायरी असते, हे वाक्य शाळांच्या भिंतींवर, दहावी-बारावीच्या निकालानंतरच्या लेखांत आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शन वर्गांत इतक्या सहजपणे वापरले जाते की, ते तपासून पाहता येण्याजोगे विधान आहे याचाच विसर पडतो. गेल्या तीसेक वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी ते वेगवेगळ्या अंगांनी तपासले आहे. आघातानंतर काही माणसांची वाढ होते, हे या संशोधनातूनही दिसते. मात्र ती कोणाची होते, कशामुळे होते आणि तिचे श्रेय आघाताला द्यायचे की आघातानंतर त्या माणसाच्या हाती जे पडले त्याला, या प्रश्नांची उत्तरे रूढ समजुतींशी फारशी जुळत नाहीत.

अपयश स्वतःच शिकवते, हा यांतील सर्वांत पक्का समज होय. लॉरेन एस्क्रिस-विंक्लर आणि आयलेट फिशबाख या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालिकेची रचना या दृष्टीने मार्मिक आहे. सहभागी व्यक्तींना प्रत्येकी दोनच पर्याय असलेले प्रश्न विचारण्यात आले; त्यानंतर काहींना त्यांची बरोबर आलेली उत्तरे आणि काहींना चुकलेली उत्तरे कळवण्यात आली. पर्याय दोनच असल्यामुळे ‘तुमचे उत्तर चुकले’ एवढे कळले तरी बरोबर उत्तर कोणते हे आपोआप उघड होते, म्हणजेच दोन्ही गटांच्या हाती आलेली माहिती सारखीच होती. तरीही पुढच्या चाचणीत चूक कळलेला गट मागे पडला. याच संशोधकांना असेही आढळले की, दुसऱ्याच्या अपयशापासून मात्र माणसे दुसऱ्याच्या यशापासून शिकावे तितकेच शिकतात. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की, अडथळा बुद्धीचा नसून स्वप्रतिमेचा असतो. स्वतःची चूक समोर येताच मन तिकडून लक्ष काढून घेते, आणि जिकडे लक्षच नाही तेथून शिकणे होत नाही.

प्रयोगशाळेबाहेर परिस्थिती आणखी अवघड असते, कारण तेथे अपयशासोबत उपयोगी माहिती येईलच असे नाही. अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला गुणपत्रिकेवरून कोणत्या विषयात किती गुण कमी पडले एवढेच समजते. कोणत्या उत्तरात नेमके काय राहून गेले हे समजण्यासाठी त्याला मंडळाकडे शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते आणि ती विषय जाणणाऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावी लागते. हे दोन्ही ज्याला जमते त्याचे अपयश शिकवणारे ठरू शकते. ज्याला जमत नाही, त्याच्यापाशी फक्त गुण उरतात.

दुसरा समज यशोगाथांतून तयार होतो. नापास झालेला मुलगा पुढे अधिकारी झाला किंवा कर्जात बुडालेला व्यापारी पुन्हा उभा राहिला, अशा कथा खोट्या नसतात. पण ज्यांच्या बाबतीत तसे घडले नाही त्यांच्या कथा कोणी लिहीत नाही, आणि म्हणून तरून गेलेल्यांचीच मोजणी होऊन बुडालेले हिशेबाबाहेर राहतात. संख्याशास्त्रात या चुकीला स्वतंत्र नाव आहे, आणि ती टाळायची असेल तर जवळजवळ सारख्या पात्रतेची, पण एकीकडे थोडक्यात यश आणि दुसरीकडे थोडक्यात अपयश वाट्याला आलेली माणसे वर्षानुवर्षे सोबत पाहावी लागतात. संशोधन अनुदानांच्या नोंदींमुळे अशी तुलना शक्य झाली आहे. अनुदानाच्या अर्जांना गुण दिले जातात, एका रेषेच्या वर निवड होते आणि खाली होत नाही. रेषेच्या लगत वर आणि लगत खाली असलेल्यांच्या गुणवत्तेत फारसा फरक नसतो, त्यांच्या वाट्याला आलेल्या निकालात मात्र मोठा असतो.

यांग वांग, बेंजामिन जोन्स आणि दाशुन वांग यांनी 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडे 1990 ते 2005 या काळात अर्ज केलेल्या तरुण शास्त्रज्ञांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. थोडक्यात हुकलेल्यांपैकी जे त्या क्षेत्रात टिकून राहिले, त्यांचे पुढचे काम थोडक्यात निवडल्या गेलेल्यांपेक्षा सरस ठरले. आपल्या विषयातील त्या वर्षीच्या सर्वाधिक उल्लेख झालेल्या 5 टक्के शोधनिबंधांत मोडणाऱ्या निबंधांचे प्रमाण, अर्जानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत, हुकलेल्यांच्या बाबतीत 16.1 टक्के, तर निवडल्या गेलेल्यांच्या बाबतीत 13.3 टक्के होते. प्रेरणादायी व्याख्यानांत या अभ्यासाचा एवढाच भाग पोहोचतो. त्याच अभ्यासातील दुसरी बाब अशी की, त्या एका हुकलेल्या अनुदानामुळे त्या व्यवस्थेतून कायमचे बाहेर पडण्याची शक्यता 10 टक्क्यांहून अधिक वाढली. दुबळे उमेदवार गळाल्यामुळेच उरलेल्यांची सरासरी उंचावली असेल, ही शंका संशोधकांनी स्वतः घेतली, ती हिशेबात धरून तुलना पुन्हा केली, आणि तरीही काही फरक शिल्लक राहिला. म्हणून अपयशाने टिकलेल्यांना काहीतरी दिले, असे म्हणायला जागा आहे. फक्त ते देताना त्याने कितीजणांना घालवले, हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

नेदरलँड्समधील तरुण संशोधकांच्या अनुदानांवर टेइस बोल, मॅथाइस डी वान आणि आर्नाउट व्हॅन डी राइट यांनी 2018 मध्ये केलेला अभ्यास तर उलट दिशेला झुकतो. रेषेच्या लगत वर असलेल्यांना पुढील आठ वर्षांत लगत खाली असलेल्यांच्या दुपटीहून अधिक अनुदान मिळाले, आणि याचे एक कारण असे की, एकदा नाकारले गेलेले पुढे अर्जच कमी करू लागले. दोन्ही अभ्यासांत मोजलेली फळे वेगळी आहेत, एकीकडे शोधनिबंधांचा प्रभाव आणि दुसरीकडे पैसा. त्यामुळे ते एकमेकांना खोडून काढत नाहीत. परंतु नकारानंतर माणसे मैदान सोडतात ही गोष्ट दोन्हींत समान आहे, आणि ‘अपयशाने माणूस घडतो’ असे म्हणणारा ज्यांच्याकडे बोट दाखवतो ते सगळे मैदान न सोडलेल्यांपैकी असतात.

मग नुसते टिकून राहणे पुरेसे आहे काय? यियान यिन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्येच अनुदानाचे अर्ज आणि नवे उद्योग यांसारख्या क्षेत्रांतील हजारो प्रयत्नांच्या मालिका तपासल्या, तेव्हा शेवटी यशस्वी झालेल्यांनी आणि कधीच न झालेल्यांनी केलेल्या प्रयत्नांची संख्या साधारण सारखीच आढळली. फरक प्रयत्नांच्या अंतरात होता. यशाकडे जाणाऱ्यांचा प्रत्येक पुढचा प्रयत्न अधिक लवकर होत गेला, कारण आधीच्या प्रयत्नातील चांगले भाग ते तसेच ठेवत आणि बिघडलेले भाग तेवढे बदलत. इतर मात्र दर वेळी पाटी कोरी करून सुरुवात करत. पुण्यातील अभ्यासिकांत वर्षामागून वर्ष घालवणाऱ्या स्पर्धा परीक्षांच्या उमेदवाराला ‘चिकाटी सोडू नकोस’ एवढाच सल्ला देणारे हितचिंतक या फरकाकडे क्वचितच लक्ष देतात.

परीक्षेतील अपयश आणि आप्ताचा मृत्यू, अपघात किंवा भूकंप यांसारखा आघात या एकाच मापाच्या गोष्टी नव्हेत. तरीही दोन्हींना एकच उपदेश लागू केला जातो, आणि दुःख जितके मोठे तितका माणूस मोठा होतो असे मानले जाते. या समजुतीला शास्त्रीय आधार म्हणून ‘आघातोत्तर वाढ’ ही संकल्पना पुढे केली जाते. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ती मांडली आणि 1996 मध्ये तिच्या मोजमापासाठी 21 विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. नात्यांतील जवळीक, नव्या शक्यतांची जाणीव, स्वतःच्या बळाची ओळख, आध्यात्मिक बदल आणि जगण्याची कदर, अशा पाच अंगांनी आघातानंतरचा बदल तीत नोंदवला जातो. तथापि या दोघांनीही वाढीचे श्रेय आघाताला दिले नाही. जगाविषयीच्या कोसळलेल्या धारणा पुन्हा बांधण्याच्या झगड्यातून वाढ होते, आणि ती होत असतानाही वेदना सोबत राहू शकते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

शिवाय ‘मी बदललो’ असे वाटणे आणि प्रत्यक्ष बदलणे यांत अंतर असू शकते. पॅट्रिशिया फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये विद्यार्थ्यांची आघातापूर्वीची आणि आघातानंतरची मोजमापे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा विद्यार्थ्यांनी सांगितलेली वाढ आणि मोजमापांत दिसलेला बदल यांचा मेळ बसला नाही. इतकेच नव्हे, तर वाढ झाल्याचे अधिक सांगणाऱ्यांची अस्वस्थताही वाढलेली आढळली. असे सांगणे म्हणजे ढोंग, असा अर्थ येथे काढू नये. झालेल्या हानीला काही अर्थ देऊन ती सोसता यावी यासाठी मन करत असलेली ती तजवीज असू शकते.

आघातानंतर वाढ झाली नाही म्हणजे माणूस कमी पडला, हा त्याच समजुतीचा दुसरा चेहरा. जॉर्ज बोनॅनो यांनी 2004 मध्ये केलेल्या मांडणीनुसार, मोठ्या हानीनंतरही दैनंदिन जीवन बऱ्यापैकी स्थिर राहणे हाच अनेकांच्या बाबतीत दिसणारा सर्वसाधारण मार्ग असतो. अशा माणसांच्या आयुष्यात ना कोसळणे असते ना उंच भरारी. ती कामावर जातात, घर चालवतात, आणि त्यांत काहीही उणे नसते. दुःखाच्या मात्रेविषयी मार्क सीरी आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये सुमारे 2,400 अमेरिकी प्रौढांच्या पाहणीतून दाखवले की, थोडीफार संकटे पाहिलेल्यांचे मानसिक स्वास्थ्य संकटेच न पाहिलेल्यांपेक्षा चांगले होते, आणि खूप संकटे पाहिलेल्यांपेक्षाही चांगले होते. हा सहसंबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. पण ‘जितके अधिक तितके बरे’ या हिशेबाला तो नक्कीच आधार देत नाही.

मन मोकळे केले की जखम लवकर भरते, म्हणून संकटग्रस्ताला लगेच बोलते करावे, हा समज सद्हेतूचा आहे, आणि 1980 च्या दशकापासून आपत्तीनंतर लगेच अशी एकेक बैठक घेण्याची पद्धत अनेक देशांत रूढही झाली होती. 2002 मधील कॉक्रेन समीक्षेत, म्हणजे उपलब्ध चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात, अशा एकाच बैठकीचा उपयोग दिसला नाही आणि काही ठिकाणी अपाय दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मानसिक प्रथमोपचारा’च्या मार्गदर्शिकेत म्हणूनच सुरक्षितता, अन्न-पाणी, आप्तांचा शोध आणि खरी माहिती यांवर भर आहे, बोलायचे की नाही, हे संकटग्रस्ताने ठरवायचे.

उरतो तो सर्वांत खोलवर रुजलेला समज, की संकटाची संधी करणे ही केवळ मनोवृत्तीची बाब आहे. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी हवाईतील कवाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातील कलह, पालकांचे आजार अशा अनेक प्रतिकूलता एकत्र आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम प्रौढ झाली, आणि त्यांच्या बाबतीत वारंवार आढळलेली गोष्ट म्हणजे आई-वडील, आजी, शिक्षक किंवा शेजारी यांपैकी निदान एका माणसाशी असलेले भक्कम नाते. याहून कमी सांगितला जाणारा भाग असा की, पौगंडावस्थेत भरकटलेली बरीच मुले तिशी-चाळिशीत सावरली. त्यांना प्रौढ शिक्षण, लष्करातील नोकरी किंवा स्थिर विवाह अशी दुसरी दारे उघडी मिळाली होती.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण याच दृष्टीने पाहता येते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या या सैनिकी मुष्टियोद्ध्याने 1972 मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. त्यांची जिद्द असामान्य होती यात शंका नाही. परंतु पोहणे त्यांच्या आयुष्यात आले ते लष्करी वैद्यकीय व्यवस्थेतील उपचारांचा भाग म्हणून. जी व्यवस्था जखमी सैनिकाला मिळाली, ती त्या काळी कारखान्यात किंवा शेतात अपंग झालेल्या मजुराला मिळत नव्हती, आणि त्या मजुराची जिद्द कमी होती असे म्हणण्याला काहीच आधार नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत जे घडले त्याचेही वर्णन अनेकदा ‘महिलांनी संकटाचे संधीत रूपांतर केले’ असे होते. प्रत्यक्षात पुनर्वसनाच्या कार्यक्रमात गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. घरदुरुस्तीचे अनुदान, भूकंपरोधक बांधकाम आणि शासकीय कार्यालयातील व्यवहार यांची माहिती घराघरांत पोहोचवणे हे त्यांचे काम होते, आणि प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था या कामात त्यांच्या पाठीशी होती. त्या स्त्रियांमध्ये दिसलेला आत्मविश्वास भूकंपाने दिलेला नव्हता. तो पद, प्रशिक्षण आणि अधिकाऱ्यांसमोर बोलण्याचा हक्क यांतून आला होता, आणि हे सारे भूकंपाआधीही देता आले असते.

दहावीच्या निकालाची गोष्टही तशीच. पूर्वी नापास झालेल्याची ऑक्टोबरची वारी ठरलेली असे आणि त्यात वर्ष जाई. 2015 पासून राज्य मंडळाने जुलैमध्येच फेरपरीक्षा सुरू केल्यावर त्याच वर्षी अकरावीला प्रवेश घेण्याची वाट मोकळी झाली. विद्यार्थ्यांच्या मनोवृत्तीत त्यासाठी कोणताही बदल करावा लागला नाही, वेळापत्रकात करावा लागला.

अशा वेळापत्रकांवर आणि नेमणुकांवर खर्च करायला समाज सहसा का कचरतो, याचे एक उत्तर एस्क्रिस-विंक्लर आणि सहकाऱ्यांच्या 2024 मधील अभ्यासात मिळते. परिचारिका, वकील, शिक्षक अशा व्यवसायांच्या पात्रता परीक्षांत एकदा नापास झालेले पुढे किती प्रमाणात उत्तीर्ण होतात, याचा लोकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त निघाला. अपयशानंतर माणसे आपोआप सावरत नाहीत हे दाखवून दिल्यावर मात्र संकटात सापडलेल्यांच्या मदतीसाठी सार्वजनिक पैसा खर्च करण्याला लोकांचा पाठिंबा वाढला.