नेमबाजाचा डावा दंड आणि एक पट्टा

१ ऑगस्ट २०२४ हा दिवस कोल्हापूरकर विसरणार नाहीत. त्या दिवशी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत ४५१.४ गुण मिळवून ब्राँझपदक जिंकले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा हा तरुण शिक्षकाचा मुलगा, आणि तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीसाच्या नोकरीवर होता. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला.

त्याचे फोटो सर्वांनी पाहिले. पण गुडघ्यावर बसून किंवा पोटावर पालथे झोपून तो नेम धरतो, तेव्हाच्या फोटोत डाव्या दंडाकडे बारकाईने पाहा. दंडाला एक पट्टा आवळलेला असतो आणि त्याचे दुसरे टोक रायफलीच्या खालच्या अंगाला अडकवलेले असते. नेमबाज त्याला ‘स्लिंग’ म्हणतात. शिपाई खांद्याला बंदूक अडकवतो तो पट्टा निराळा. तो वाहण्यासाठी, हा स्थिर धरण्यासाठी.

पट्टा कशासाठी?

या स्पर्धेतील पुरुषांच्या रायफलीचे वजन ८ किलोपर्यंत असू शकते. समोर ५० मीटरवरच्या निशाणातील दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे! एवढे वजन नुसत्या हाताच्या जोरावर पेलले तर थोड्याच वेळात स्नायू थरथरू लागतात.

शेतावर किंवा बांधकामावर काम करणारी आई बाळाला लुगड्याच्या झोळीत पाठीशी बांधते. बाळाचा भार झोळी घेते आणि आईचे हात मोकळे राहतात. पट्ट्याचे काम असेच आहे. पालथे झोपल्यावर कोपर जमिनीला टेकलेले असते. भार हाताच्या हाडावर आणि ताणलेल्या पट्ट्यावर जातो, आणि स्नायू सैल राहतात. स्नायू सैल, तर नेम स्थिर.

कडी कुठे बसवायची?

रायफलीच्या पुढच्या भागाखाली एक लांब खाच असते. त्या खाचेत मागे-पुढे सरकणारा एक तुकडा स्क्रूने घट्ट बसवतात. त्याला ‘हँडस्टॉप’ म्हणतात. डावा पंजा त्याला टेकतो आणि पट्टा त्याच्याच कडीत अडकतो. पट्टा बसवताना रायफल रिकामी असली पाहिजे. आत काडतूस नाही हे सर्वांना दिसावे म्हणून नळीच्या मागच्या तोंडात भडक रंगाची दोरी घालून ठेवतात.

सगळी मेख या कडीच्या जागेत आहे. हँडस्टॉप मागे, म्हणजे नेमबाजाकडे घेतला, की नळीचे तोंड वर जाते. पुढे सरकवला, की खाली येते. म्हणून आपल्या हाताच्या लांबीप्रमाणे जागा ठरवावी लागते. एकदा ती सापडली की नेमबाज खाचेवरचा आकडा वहीत लिहून ठेवतो आणि प्रत्येक वेळी तिथेच बसवतो.

पट्टा सैल राहिला तर भार पुन्हा स्नायूंवर येतो. फार आवळला तर हात बधिर होतो, आणि दंडाच्या शिरेचा ठोका पट्ट्यातून थेट रायफलीत उतरतो. नेम नाडीबरोबर उड्या मारू लागतो! मग पट्टा दंडावर थोडा वर किंवा खाली सरकवून ठोका लागणार नाही अशी जागा शोधावी लागते.

सगळे जुळले की नाही, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. नेम धरून डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. नेम बाजूला गेला असेल तर हाताने ओढून आणायचा नाही. पूर्ण शरीर थोडे वळवून घ्यायचे.

पालकांसाठी दोन शब्द

अमेरिकेत हौशी लोक घरी रायफल जुळवतात आणि तिला पट्ट्याच्या कड्याही स्वतः बसवतात. तसले व्हिडिओ आपली मुलेही मोबाइलवर पाहतात. त्यांना स्पष्ट सांगा, की १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे हा आपल्याकडे गंभीर गुन्हा आहे. जीवाचा धोका आहे तो वेगळाच. हौसेपायी पोराचे आयुष्य तुरुंगात जाऊ देऊ नका.

पण म्हणून मुलांची हौस मारूही नका. हा खेळ खर्चिक आहे हे खरे, तरी श्रीमंतांशिवाय कोणासाठी नाही असे मुळीच नाही. शाळा-महाविद्यालयांतील एन.सी.सी.मध्ये कॅडेटना .२२ रायफलीने पालथे झोपून गोळीबार शिकवतात. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झालेल्या मुलांना प्रशिक्षण मिळते. स्वप्नील तिथेच घडला. मुलींनीही मागे राहू नये. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथे झोपून खेळायच्या प्रकारात जागतिक सुवर्णपदक जिंकले.

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. हा पट्टा फक्त बसून आणि झोपून नेम धरताना चालतो. उभ्या अवस्थेत नियमाने तो सोडावा लागतो. अंतिम फेरीत स्वप्नील बसून नेम धरण्याच्या अवस्थेनंतर सहावा होता, झोपून धरण्याच्या अवस्थेनंतर पाचवा. पट्टा सुटला, तो उभा राहिला आणि तिसऱ्या क्रमांकावर पोचला. आधाराचा नीट उपयोग करावा आणि तो सुटल्यावर उभे राहण्याचा सरावही रोज करावा, एवढे आपल्या मुलामुलींना जरूर सांगा.